मळीच्या शेतातली गाजरं

"चष्मा लाव आणि नीट बघ," दादा म्हणाला आणि त्यानं गाजराच्या वाफ्यातली मूठभर माती तिच्या तळहातावर ठेवली.

तिनं चष्मा लावला. मातीत निळे, पांढरे, चंदेरी कण होते. काही मोहरीएवढे, काही त्याहून बारीक. एकावर अर्धं अक्षर शाबूत होतं. ते तिनं लगेच ओळखलं. दह्याच्या डब्याचं झाकण.

"आधी वाटलं, वाऱ्यानं कचरा आला असेल. मग खणून पाहिलं. वीतभर खोल हेच आहे, चिमे."

बावन्न वर्षांच्या, चांगल्या भरल्या अंगाच्या बाईला चिमी म्हणणारं आता जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

गॅसच्या प्लान्टवर ती नऊ वर्षं कामाला होती. शहरातलं शिळंपाकं तिथं यायचं, टाक्यांत कुजायचं, त्याच्या गॅसवर बसगाड्या पळायच्या. मागे उरायची काळी, दाट मळी. ती खत म्हणून शेतांना जायची. सुरुवातीला सरकत्या पट्ट्यापाशी सहा बायका पिशव्या, झाकणं, रबरं वेचायच्या, आणि त्यांत तिचा हात सगळ्यांत चपळ. "आमच्या मळीत खडासुद्धा सापडायचा नाही," असं ती दादाला ऐकवायची. तिच्याच शब्दावर त्यानं मळी घ्यायला सुरुवात केली.

मग दुकानांतला मुदत संपलेला माल पाकिटांसकट येऊ लागला. पाकिटं फाडून अन्न पिळून घेणारं यंत्र आलं आणि पाच बायका घरी गेल्या. फाटलेल्या पाकिटांच्या चिंध्या अडवायला यंत्राखाली चाळण होती. ती सारखी तुंबायची, टाक्या उपाशी राहायच्या, म्हणून मोठ्या भोकांची बसवली. हे तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. साहेबांना ती एकदा बोललीही होती. पुन्हा बोलली नाही. सहाव्या बाईचीही गरज नाही, हे कुणाच्या ध्यानात यायला नको होतं.

"मला ठाऊक होतं, दादा," ती म्हणाली.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला आणि एवढंच म्हणाला, "हे निघेल कसं?"

दुसऱ्या दिवशी तिनं बरणीभर माती साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी बरणी उजेडात धरून फिरवली, मग कपाटातून तपासणीचा कागद काढला.

"मावशी, हे वजनावर मोजतात. प्लास्टिकला वजन ते किती? नियमात बसतंय."

"नियमात बसतंय साहेब, पण मातीत बसलंय त्याचं काय?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. सात गाड्या रांगेत उभ्या होत्या.

"या परत पाठवल्या तर माल कचऱ्याच्या डोंगरावर जाणार. तिथं उघड्यावर कुजणार, धुमसणार, त्याचं पाणी जमिनीत उतरणार. तुम्हीच सांगा, काय करू?"

"बारीक चाळण तरी बसवा."

"लिहितो वर." मागच्या वेळीही त्यांनी लिहिलंच होतं. भोंगा वाजला आणि ती पट्ट्यापाशी जाऊन उभी राहिली.

रविवारी ती पिठाची चाळण घेऊन दादाकडे गेली. वहिनीला हसू फुटलं. "अगं, एवढं रान चाळणार तू?" मग तीही बाह्या सारून शेजारी बसली. ओली माती चाळणीला चिकटायची, कोरडीतले कण मातीबरोबरच खाली पडायचे. चिमटीत येत नव्हते ते बोटाला थुंकी लावून टिपावे लागत.

दादा पलीकडे गाजरं उपटत होता.

"एवढ्यात काढतोस? बाजार तर परवा आहे."

"बाजारात नाही नेणार. कुणाच्या लेकरांच्या पानात वाढू हे?" त्यानं ढिगाकडे पाहिलं. "तुमच्या प्लान्टलाच पाठवू का?"

तो थट्टा करत नव्हता.

दुपारपर्यंत वाफा चाळून झाला तेवढा वहिनीनं वितीनं मोजला. चार विती.

तेवढ्यात बांधापलीकडे शेजाऱ्याच्या रानात मळीचा टँकर येऊन उभा राहिला. ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि बांधापाशी गेली.

"भाऊ, घेऊ नका ही मळी. प्लास्टिक आहे त्यात."

शेजारी मोकळेपणानं हसला. "अहो ताई, दादांची मनगटाएवढी गाजरं बघूनच तर मागवली! वर्षभर नंबर लागत नव्हता. तुमचं नाव सांगितलं आणि लगेच गाडी मिळाली बघा."

ती पुन्हा काही बोलली, पण चालकानं पाइप सुरू केला होता. काळी धार रानावर पसरत गेली. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर शेजाऱ्यानं तिच्याकडे बघून हात हलवला. तिनं मातीनं भरलेला हात अर्धवट वर केला.