पांढऱ्या ठिपक्यांचा बाबा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अक्षरबाबांनी टॅब्लेटवर कुणाच्या तरी नातवाचं नाव लिहिलं, बोटाने पट्टी सरकवली, आणि मोठ्या पडद्यावरची अक्षरं बाळसं धरल्यासारखी जाड होत गेली. मग जिथे उभी रेघ वरच्या रेघेला भेटते तिथे एकेक पांढरा ठिपका उमटला.

"डोळा उघडला. आता नाव स्वतःच रोगाकडे बघून घेईल."

गर्दीने हात जोडले. माझ्या सासूबाईंनीही.

माझ्या मांडीवर तीन वर्षांची लेक होती. तिला फिट्स येतात. गोळीची एकही वेळ चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. गेल्या आठवड्यात बाबांनी तिचं नाव जाड केलं, तेव्हा ठिपका आला नाही. "गोळ्यांनी डोळा मिटलाय. आठवडाभर बंद ठेवा." सासूबाईंनी डबी लपवली. दुसऱ्याच दिवशी पोर जेवता जेवता ताठ झाली. तेव्हापासून मी दुसरी डबी आणून तिला चोरून गोळी देत होते.

आज तिचं नाव पडद्यावर आलं आणि ठिपके भराभर उमटले.

"बघा," बाबा म्हणाले. "विष थांबलं, डोळा उघडला."

"थांबलेलं नाही," मी म्हणाले. "आज सकाळीही गोळी दिलीय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बाबा हसले. "आईचं मन भ्याडच असतं."

"मग त्या दुसऱ्या टॅब्लेटवर लिहा," शेजारी बसलेली नणंद बाबांच्या बाजूला ठेवलेल्या टॅब्लेटकडे बोट दाखवत म्हणाली. "गेल्या वेळी तोच होता ना?"

"तो आज मौनात आहे."

"टॅब्लेटला कसलं आलंय मौन?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. सासूबाई मात्र उठल्या, दुसरा टॅब्लेट उचलला आणि नातीचं नाव स्वतः लिहिलं. अक्षरं जाड झाली. ठिपका एकही नाही.

माझी नणंद कॉम्प्युटरसाठी अक्षरं बनवते. ती म्हणाली, "आई, एकाच फॉन्टमधून हवं तेवढं जाड-बारीक करता यावं म्हणून आम्ही अक्षरांचे तुकडे एकमेकांवर चढवूनच ठेवतो. काही ब्राउझरना ते कळत नाही. जिथे तुकडे चढतात ती जागा ते कोरी सोडतात, तोच हा पांढरा ठिपका. म्हणून फॉन्ट देण्याआधी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, चालवायची असते. ती प्रत्येक अक्षरावर खूण करते, की इथे तुकडे चढलेत, जागा भर. या फॉन्टवर ती चालवायला मीच विसरले. चूक कळल्यावर दुरुस्त केलेला फॉन्ट सगळ्यांना पाठवला. एकाच गिऱ्हाइकाचं उत्तर आलं." तिने फोन वर धरून वाचलं, "'नवा पोचला, पण जुनाही राहू द्या. ठिपके येणारा.' खाली यांची सही आहे. या टॅब्लेटवर जुना फॉन्ट आहे, त्या दुसऱ्यावर नवा."

"विज्ञान जिथे संपतं..." बाबांनी सुरुवात केली. कुणी ऐकत नव्हतं.

या माणसाला ठिपका कुठून येतो ते नेमकं ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्याने माझ्या पोरीच्या तोंडची गोळी काढली होती.

"संध्याकाळची किती वाजता गं?" सासूबाईंनी खालच्या आवाजात विचारलं.

"सात."

"चल मग."

असा चमत्कार कुणी दाखवला, तर तो दुसऱ्या यंत्रावर, तुमच्या हाताने करून बघा. आणि औषध बंद करायचं का, ते ज्याने सुरू केलं त्या डॉक्टरलाच विचारा.