डाव्या हाताचे देव

आमची शेजारीण शहरबानू शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल नहदा भागात राहायला गेली, तेव्हा जाताना एक जुनं चित्र आम्हाला देऊन गेली. युरोपातलं, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, नुसत्या काळ्या रेघांचं. गरीब म्हातारा-म्हातारीच्या झोपडीत दोन ग्रीक देव वेष पालटून जेवायला आलेत, असं ती म्हणाली. एकाच्या टोपीला चक्क पंख!

माझी नात ईशानी डावखुरी. लिहू दे बापडी डाव्याने. पण उद्या संक्रांतीचं हळदीकुंकू, आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या सगळ्या बायका येणार, आणि ही डाव्या हाताने तिळगूळ वाटणार? मी साफ सांगितलं, उजव्याने वाटणार असशील तर वाट, नाहीतर आत बस. "कोणता देव डाव्या हाताने घेतो, दाखव मला!"

तिने भिंतीवरच्या त्या चित्राकडे बोट केलं. "लुक आजी! ही इज टेकिंग विथ लेफ्ट!"

खरंच की. देव डाव्याने वाडगा घेत होता, म्हातारी डाव्याने देत होती, म्हाताऱ्याची सुरीही डाव्याच हातात. अख्खं घर डावखुरं? मला चैन पडेना. मुलगा शैलू ऑफिसातून आल्या आल्या त्याला धरलं.

"अगं आई, तांब्याच्या पत्र्यावर चित्र काढतात, शाई भरून कागदावर दाबतात. सिंपल आहे, छापताना सगळं उलटं येतं. चित्रकाराने उजवेच हात काढले असणार."

जिंकले मी! ईशानीचं तोंड एवढंसं झालं. तिळगुळाचा डबा ओट्यावर ठेवून ती आत गेली. वाईट वाटलं मला, पण बोलले ते बोलले.

तरी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. कोपऱ्यात चित्रकाराची सही होती.

"शैलू, सगळं उलटं येतं ना? मग ही सही सरळ कशी?"

"पत्र्यावर मुद्दाम उलटी केली असेल. आता खलास, आई. चहा दे ना."

चहा राहिला बाजूला. म्हणजे या गृहस्थाला सगळं ठाऊक होतं. स्वतःच्या नावासाठी त्याने उलटं लिहायची उस्तवार केली, देवांच्या हातांसाठी नाही. देव डावखुरे होणार हे कळत असून तसेच छापले, आणि एकाही देवाने तक्रार केली नाही.

मी ईशानीला बोलावलं आणि डबा तिच्या हातात दिला. "आधी मला दे."

तिचा डावा हात पुढे आला आणि दचकून मागे गेला.

"असू दे," म्हणत मीही डावाच पुढे केला.

पहिला लाडू खाली पडला. माझ्या डाव्या हाताला सवय कुठली! दुसरा मात्र नीट घेतला.