खोक्यातले हसरे कागद

मी एक जुना खोका आहे, बुटांचा. स्वभावाने कडवट आहे, हे आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझा जन्म पुठ्ठ्याच्या कारखान्यात झाला. माझ्यात कामावर घालायचे जाड बूट भरले आणि अमेरिकेतल्या पॅटरसन शहरातल्या एका दुकानातून रोमुलोने मला घरी आणले. बूट त्याने पायात घातले आणि मला कचऱ्याकडे भिरकावले. त्याच्या बायकोने, नेलिदाने, मला उचलले. "मजबूत आहे, कागद ठेवायला होईल," असे ती म्हणाली. माझे आयुष्यातले कौतुक एवढेच.

कागद साधे नव्हते. नेलिदा लग्न करून पेरूहून इथे आली होती. रोमुलो इथला नागरिक, म्हणून तिला कायम राहण्याचे कार्ड मिळाले. पण कायम म्हणायचे ते नुसते नावाला. त्यावर दोन वर्षांची मुदत छापलेली. शेवटच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा, दोघांनी सही करायची आणि संसार खरा आहे हे कागदांनी दाखवायचे. नाहीतर कार्ड गेले आणि तीही गेली. म्हणून दोघांच्या नावाची विजेची बिले, भाड्याचा करार, वाढदिवसाचे फोटो, सगळे ती माझ्या पोटात घालत असे.

ही सही म्हणजे बायकोच्या नाकातली वेसण, असे रोमुलो धरून चालला होता. भातात मीठ कमी पडले तरी तो म्हणे, "सही हवीय ना? मग तोंड बंद ठेव." त्याची आई एउदोसिया त्याच घरात राहायची. तिची जीभही काही कमी नव्हती. "महाराणी, हे मक्याचे तामाल कोरडे झालेत. तुमच्या डोंगरात असलंच खातात वाटतं?"

मला दोघांचाही संताप येई. पण खरे सांगू, त्याहून जास्त राग नेलिदाचा येई. ती फक्त हसरे कागद ठेवायची. "तुला विमानात बसवून देईन" अशी चिठ्ठी रोमुलोने फ्रिजला लावली, ती तिने फाडून टाकली. एकदा जानेवारीत भर दुपारी त्याने तिला घरातल्या सपातांवर बर्फात बाहेर काढले आणि दार लावून घेतले. रस्त्याने जाणाऱ्या पोलिसाने विचारले, तर ही म्हणते, "काही नाही, किल्ली विसरले." संसार वाईट दिसला तर कार्ड जाईल, अशी तिची समजूत. काय म्हणावे या बाईला.

ते नव्वद दिवस सुरू झाले. तिने अर्ज नवऱ्यापुढे ठेवला. "आधी बेकरीतली नोकरी सोड," तो म्हणाला. तिने सोडली. "आता फोन माझ्याकडे दे." तिने दिला. मग त्याने हसत हसत अर्ज फाडला. नेलिदाने मला काखोटीला मारले आणि तडक चर्चच्या तळघरात फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडे गेली.

वकीलबाईंनी माझे पोट रिकामे केले. "लग्न खरं होतं, हे दिसतंय. नवऱ्यानं छळलं असेल तर त्याच्या सहीशिवाय एकटीलाही अर्ज करता येतो. पण छळाचं यात काय आहे?"

"काहीच नाही. सगळं फेकलं मी."

"कुणी बघितलं?"

नेलिदाने पसरलेले फोटो गोळा केले. "सासूबाईंनी. नवऱ्यानं बर्फात बाहेर काढलं त्या दिवशी दार शेवटी त्यांनीच उघडलं."

आम्ही परत त्या घरी गेलो. रोमुलो कामावर होता. सासू बटाटे सोलत होती.

"सेन्योरा, त्या दुपारी जे झालं ते चर्चच्या तळघरातल्या वकीलबाईंना लिहून द्याल?"

"माझ्या पोराविरुद्ध? लाज वाटत नाही मागायला?"

"वाटते. तरी मागतेय."

"चालती हो."

नेलिदा मैत्रिणीकडे राहायला गेली, मी वकीलबाईंच्या टेबलावर राहिलो. मुदतीला नऊ दिवस उरले असताना सासू स्वतः तळघरात आली आणि तिने एक पाकीट माझ्यावर आपटले. वकीलबाईंनी कागद वाचला. तारीख, बर्फ, सपाता, सगळे त्यात होते. "वीस मिनिटं ती दार वाजवत होती. मी आत बसून ऐकत होते," असेही होते. आणि शेवटी: "ही मुलगी मला पहिल्या दिवसापासून आवडत नाही, आजही आवडत नाही. पण तिला कधी बाहेर काढलंच नाही, असं खोटं माझा मुलगा बोलतोय."

"शेवटचं खोडू का?" सासूने विचारले.

"मुळीच नको. त्यामुळेच तर अधिकारी विश्वास ठेवील."

दीड वर्षाने नेलिदाला दहा वर्षांचे कार्ड मिळाले. रोमुलोने आईचे तोंड पाहणे सोडले. नेलिदा आभार मानायला गेली, तेव्हा म्हातारीने दार उघडले नाही.

मित्रांनो, आता माझे कोपरे फाटले आहेत, मला फार दिवस नाहीत. तुम्ही हसरे कागद जपता, तसे दुखरे कागदही जपा. नाहीतर एक दिवस आपले खरे सिद्ध करायला, ज्याला आपण नकोसे आहोत त्याच्याच दारात उभे राहावे लागते. आणि प्रत्येक सासू पाकीट घेऊन येत नाही.