सैल बांधणी

माझा थोरला भाऊ निवृत्त दंतवैद्य. जन्मभर लोकांच्या तोंडात हात घालून पोट भरलं नाही म्हणून त्याने छंद घेतला तो तलावातल्या माशांना फसवायचा. गळावर तो नकली अळ्या बांधतो. लाल रेशीम, तांब्याची तार, पिसाचा एखादा तंतू. नमुना म्हणून गाळातल्या जिवंत अळ्या लागतात. त्या आमच्या फ्रिजमध्ये, लोण्याशेजारी, बरणीत वळवळत असतात. माझ्या बायकोने लोणी सोडलंय.

सुटकेचा मार्ग एकच होता. मासेमारी क्लबात सभासदाला स्वतःचं कपाट मिळतं. दादा सभासद झाला की बरणी तिकडे. म्हणून क्लबाचे अध्यक्ष परीक्षा घ्यायला घरी आले, तेव्हा मी त्यांची छत्रीसुद्धा स्वतः धरली.

परीक्षेची रीत अशी: बशीत दोन गळ. एकावर खरी अळी ओवलेली, दुसऱ्यावर बांधलेली. अध्यक्षांनी नकली ओळखायची आणि तोंडात धरून ओली करायची, कारण रेशीम भिजलं की गडद होतं आणि मासा पाहतो तो भिजलेला रंग. पेलाभर पाणी चालणार नाही का, असं मी विचारलं. दोघांनी माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहिलं.

अध्यक्षांनी भिंगातून पाहत बराच वेळ हुंकार दिले, एक गळ उचलला, ओठांत धरला आणि डोळे मिटून चोखला. बाहेर आला तो नुसता गळ. दादाची अळी बशीत जशीच्या तशी होती.

अध्यक्षांनी आवंढा गिळला. "बांधणी सैल आहे. लगेच सुटली."

"साहेब, ती खरी होती," दादा म्हणाला.

"खरी अळी मी तोंडात घालीन?"

"घातलीत ना."

"डॉक्टर, यात केस पिकले माझे. रेशमाची चव कळते मला."

दादाने बशीतली अळी पकडीने ओढून दाखवली. तार हलली नाही.

"अळ्या मेल्या की ताठरतात," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या खालच्या ओठाला काहीतरी लाल, ओलसर चिकटलं होतं. ते त्यांनी जिभेने आत घेतलं.

"असं करा," ते म्हणाले, "बांधणी सैल होती एवढं मान्य करा. नवशिके म्हणून घेऊन टाकतो तुम्हाला."

मी दादाला कोपराने ढोसलं. इतकं स्वस्त कपाट पुन्हा मिळणार नव्हतं. पण पेशंटच्या हातात निखळलेली कवळी असतानाही ज्याने ती सैल बसवली हे कधी कबूल केलं नाही, तो माझ्या कोपराला काय भीक घालणार.

"माझ्या हातचं काही सुटत नाही," दादा म्हणाला. "तुम्ही किडा गिळलात."

अध्यक्ष चहाला न थांबता गेले.

"म्हणजे बरणी इथेच?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"अगं, ओळखूच आली नाही त्याला," दादा म्हणाला. चेहरा असा, की जणू सत्कार झालाय. मग बशीतली ती अळी त्याने उचलली, तोंडात धरली, चोखली आणि उजेडात फिरवून मला दाखवली. रंग, म्हणे, अगदी जिवंत उतरलाय.