कपाटाबाहेरची कडी

मित्रांनो, माझा आवाज तुम्ही कधी ऐकला नसेल. आवाज अडवणे हेच माझे काम. यंत्रावर काम करणारी माणसे कानांवर दोन वाट्या चढवतात ना, डोक्यावरून जाणाऱ्या पट्ट्याने जोडलेल्या? तसला मी एक जुना इअरमफ. कधीकाळी पिवळाजर्द होतो. आता लाकडाच्या भुश्शाचाच रंग मला चढला आहे.

साच्यातून निघालो, वाट्यांत स्पंज बसला आणि भावंडांबरोबर एका खोक्यातून मी सुतारकामाच्या कारखान्यात आलो. तिथे खिडक्यांच्या चौकटी बनत. यंत्राची करवत फिरू लागली की दातांवर दात आवळून धरावे लागत. कामगार आम्हाला कानांवर चढवत आणि यंत्र थांबले की खुंटीला टांगून चहाला बसत. चहाच्या वेळी माझी सगळी भावंडे खुंटीवर असत. मी मात्र माझ्या सुताराच्या कानांवरच असे.

माझा सुतार पन्नाशीला टेकलेला, हाताचा मोठा सफाईदार. मालक त्याच्या चौकटींवरून हात फिरवून म्हणत, "याला म्हणतात काम!" पण मालक पाठ थापटायला लागले की सुतार अंग चोरून घेई. चहाचा कप उचलून तो फळ्यांच्या थप्पीमागे जाई.

"निघाले मौनीबाबा समाधीला," कोणीतरी म्हणे.

"आपला चहा त्यांना कडू लागतो बाबा!"

माझ्या वाट्यांतून शब्द पुसट होत, हसणे मात्र आत पोचे. थप्पीमागे आम्ही दोघेच. तो चहा थंड होईपर्यंत भिंतीकडे बघत बसे.

एकदा मुकादमाने मागून येऊन मला ओढून काढले. "अहो महाराज, हाका तरी किती मारायच्या?" माझ्या पट्ट्याला तडा गेला. सुतार दोन्ही हातांनी कान दाबून खालीच बसला. मुकादम ओशाळला. "अरे, गंमत केली रे," तो म्हणत राहिला. घरी गेल्यावर सुताराने माझ्या तड्यावर चिकटपट्टी गुंडाळली. फार हळू गुंडाळली.

पुढे कामगारांचे कान तपासायला एक बाई आल्या. "कान ठणठणीत आहेत तुमचे. मग यंत्र बंद असतानाही हे कशाला?"

आजवर हे त्याला सगळ्यांनी टोमण्यात विचारले होते. या बाईंना खरोखर उत्तर हवे होते. तो घोटाळला, मग म्हणाला, "नळ गळतो. ट्यूब गुणगुणते. चार जण एकदम बोलतात. मला सगळंच सारखं मोठं ऐकू येतं. त्यातलं कुठलं सोडून द्यायचं, ते कळत नाही."

"हे कानांचं दुखणं नाही," बाई म्हणाल्या. "मोठ्या माणसांची स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, तपासणी करणारे डॉक्टर असतात. एकदा जाऊन तर या."

तो गेला. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "तुमचं लहानपण पाहिलेलं कोणीतरी घेऊन या."

आईवडील राहिले नव्हते. होती फक्त थोरली ताई. तिच्या मुलीच्या लग्नातून हा पंगत बसायच्या आत न सांगता निघून आला होता. तेव्हापासून तिने बोलणे टाकले होते. फोन हातात घ्यायचा, खाली ठेवायचा, असे त्याचे कितीतरी दिवस चालले. एकदा मला मांडीवर घेऊन तो पुटपुटला, "तपासून 'काही नाही' म्हणाले, तर मग मी नुसता शिष्टच ठरलो. सगळे म्हणतात तसा." अखेर त्याने फोन केला.

ताई आली, पण तोंड फुगवूनच. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "याला काय धाड भरलीय? लहानपणी इतका शहाणा होता! घरात पाहुणे आले की कधी मध्ये मध्ये लुडबुड नाही. गपचूप गाद्यांच्या कपाटात जाऊन बसायचा."

"कपाटात?"

"डोक्यावर उशी घेऊन. मी बाहेरून कडी लावायची."

"कडी कशाला?"

"बाकीची पोरं दार उघडायची आणि हा रडायचा, म्हणून. पाहुणे गेले की मी कडी काढून सांगायची, 'गेले रे सगळे!'"

बोलता बोलता ताई थांबली. तिची नजर त्याच्या मांडीवर, माझ्यावर आली. "लग्नात कपाट नव्हतं," ती हळूच म्हणाली. "म्हणून गेलास होय रे?"

"हो."

"मग सांगायचं नाही का मला?"

"मलाच माहीत नव्हतं, ताई."

काही आठवड्यांनी उत्तर आले. स्वमग्नता होती, जन्मापासून होती.

मित्रांनो, एका शब्दाने एकटेपण पळून जात नाही. चहाच्या वेळी तो अजून थप्पीमागेच जातो. इतकी वर्षे कोणी विचारले का नाही, हेही त्याच्या मनातून जात नाही. मुकादम मात्र आता समोर येऊन हात वर करतो आणि थांबतो.

माझा स्पंज कडक झाला आहे. लवकरच माझ्या जागी नवा येईल. जाण्याआधी एवढेच मागतो. कान झाकून बसलेला कोणी दिसला, तर त्याला मागून ओढू नका. समोर या आणि थोडे थांबा.

परवा त्याच्या घरी नातलग जमले होते. तो मला चढवून आतल्या खोलीत बसला. बाहेर ताई दाराशी खुर्ची टाकून बसली, तिने कोणाला आत सोडले नाही. घर रिकामे झाल्यावर ती त्याच्या समोर आली आणि तिने हात हलवला. तिचे ओठ हलले. माझ्यातून शब्द पुसट गेले, पण त्याला ते पाठ होते.

"गेले रे सगळे."

मग त्याने स्वतःच्या हातांनी मला उतरवले.