रहूचे वाल

वालाला काही लागत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. खत नको, फवारा नको, पाटाचं पाणी नको. भात कापून झालं की त्याच शेतात वाल टाकायचा आणि घरी जाऊन झोपायचं. भाताने मागे ठेवलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर तो फाल्गुनापर्यंत निभावतो. ऐकायला छान आहे. पण ओलच नसेल तर काय करायचं, हे या म्हणणाऱ्यांपैकी एकानेही कधी सांगितलेलं नाही.

यंदा गणपती गेले आणि पाऊसही त्यांच्याबरोबर गेला. आमचं शेत खडवली स्टेशनपासून आत, उंचावर आहे. नदी जवळ असली तरी तिचं पाणी आम्हाला नुसतं दिसतं. भात निम्मं पोचट निघालं. दिवाळीनंतर शेतात गेले तर भेगेत माझी चप्पल अडकून तिचा अंगठा तुटला. मी तिथेच उभी राहून आभाळाला शिव्या घातल्या.

शेत दोघांच्या नावावर आहे, माझा नवरा महिपत आणि माझी मोठी जाऊ सगुणा. थोरले दीर देवराम वारले तेव्हापासून शेत तीच कसते. महिपतला ते गोदामवाल्याला द्यायचं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही टिटवाळ्याला लिफ्टवाला फ्लॅट हवा होता. सगुणाला मात्र शेतच हवं होतं. तिला मूल नाही, नवरा राहिला नाही, त्यामुळे सकाळी उठून जायला तिच्याकडे तेवढी एकच जागा होती. रोज जेवताना दोघांची जुंपायची आणि मी मध्ये बसून कालवण वाढायची.

शेवटी तोड महिपतनेच काढली. आमच्या घराण्यात एक रीत आहे, उभ्या पिकात मोजणीची फीत टाकायची नाही. माझ्या सासऱ्यांनी ती पाळली, त्यांच्या बापानेही पाळली. गोदामवाल्याला मोजणी पौषात हवी होती. नाही झाली तर तो दुसरी जागा बघणार होता.

"वयनी, पौषात शेतात पीक उभं असंल तर मी त्याला परत धाडीन," महिपत म्हणाला. "मंग परत कधी विषय नाय काढनार. पन नसंल तर तुमी सही करायची."

"चालंल," सगुणा म्हणाली.

महिपत गालातल्या गालात हसला. त्या भेगा त्यानेही पाहिल्या होत्याच.

वालाचं बी सासूबाईंच्या वेळचं. राख लावून मडक्यात ठेवायचं, दर साली त्यातलंच पेरायचं आणि पीक आलं की पुन्हा तेच मडकं भरायचं. विकतचं बी या शेताने कधी पाहिलं नाही. सगुणाने मडकं खाली काढलं आणि मला हाक मारली. बघते तर सगळं बी पातेल्यात, वरून कोमट पाणी.

"बाय, बिरडं करतेस का गावजेवनाचं?" मी म्हटलं.

"बिरडं नाय. रहू करते."

सगुणाचं माहेर दिव्याकडे, खाडीकाठी. तिथल्या खाऱ्या जमिनीत भाताची रोपं लावत नाहीत. बी भिजवायचं, गाठोड्यात बांधून मोड आणायचे आणि मोडासकट चिखलात फेकायचं. त्याला रहू म्हणतात. त्या खाऱ्या चिखलात तिच्या बापाने सगळा जन्म रहू फेकला आणि घर जगवलं. आता जमिनीत ओल नाही, तर ओल बियालाच पाजून पाठवायची, असा तिचा हिशेब होता. मोड आले की मुळं आपोआप खाली पाणी शोधतील.

"अगं पन ते भाताचं. तितं चिखल असतो," मी म्हटलं. "इतं काय हाय? तव्यासारखी जमीन."

"सुकं टाकून पन काय निंगनार हाय? पडून राहनार नुसतं."

"मंग अर्धं तरी सुकं ठेव."

"अर्ध्या शेतात आलं तर भावजी त्याला पीक बोलतील? टाकीन तर सगलं टाकीन."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली ही बाई. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा मी पातेलं उचलायला मदत केली. फडक्यात बांधलेल्या वालांना सुरेख मोड आले, अगदी सणाच्या बिरड्याला यावेत तसे. सगुणा ते हातात घेऊन हसली. देवराम गेल्यानंतर तिला असं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

आम्ही दोघींनी पेरलं. ती पहारीच्या टोकाने भोक पाडायची, मी मोड खाली करून दाणा सोडायची, ती पायाने माती लोटायची. मातीचं पीठ झालेलं. माझी कंबर मोडली आणि तोंडाचा पट्टा सुटला, पण तिने एक ओळ सोडू दिली नाही.

मग वाट बघणं आलं. सगुणा रोज जायची आणि रोज तशीच परत यायची. एके दिवशी तिने एक भोक उकरलं आणि दाणा आणून माझ्या तळहातावर ठेवला. मोड तपकिरी पडला होता, वाळलेल्या दोऱ्यासारखा. बोटाने दाबला तर चुरा झाला. दुसऱ्या ओळीतही तेच, बांधाकडच्या ओळीतही तेच. सुकं बी जमिनीत दम धरतं, पाण्याची वाट बघतं. मोड आलेलं बी थांबू शकत नाही. त्याला आम्ही अर्ध्या वाटेवर आणून सोडलं होतं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, पण आमच्यावर त्याहून वाईट आलं. मार्गशीर्षात अवकाळी पाऊस पडला. चांगला सडकून, भेगा मिटवणारा. पागोळ्यांखाली बादल्या लावताना मला रडू फुटलं, कारण आता मडक्यात नुसती राख होती. सगुणा ओटीवर बसून पावसाकडे बघत होती. मी तिच्याजवळ गेले नाही. गेले असते तर "तुला सांगलेलं ना" हेच तोंडातून निघालं असतं, माझी जीभ मला माहीत आहे.

पाऊस गेला आणि शेतात कुठे कुठे हिरवं दिसलं. कितीही भिजत घाला, वालात थोडे दाणे दगडासारखेच राहतात, पाणी पीतच नाहीत. गणंग म्हणतात त्यांना. बिरडं करताना बायका ते निवडून फेकतात. आम्ही गडबडीत ते तसेच पेरले होते, आणि शेतभर तेवढेच उगवले.

"जे भिजलं नाय तेच जगलं," सगुणा म्हणाली. "सुकं टाकलं असतं तर सगलं आलं असतं, शालू."

त्या रोपांना ती कळशीने पाणी घालायला लागली. नदीवरून डोक्यावर आणायची आणि एकेकाच्या बुडाशी ओंजळभर सोडायची. वालाला काही लागत नाही म्हणतात!

पौष सरता सरता मोजणीवाला आला. हितेश नावाचा, नम्र माणूस, गोदामवाल्याने पाठवलेला. महिपत बांधावर उभा राहिला. इथे एक रोप, चार पावलांवर दुसरं, मध्ये उघडी माती. काहींना पांढरी फुलंही धरली होती. माझा नवरा वाईट नाही, फक्त घाईत असतो. पण त्या दिवशी त्याचाही पाय अडखळला.

"वयनी, तुमीच सांगा," तो म्हणाला. "याला पीक बोलायचं का? तुमी हो बोला, मी याला आत्ता परत धाडतो. आईशप्पत."

तो खरं बोलत होता. इतकी वर्षं संसार केलाय, मला कळतं. आणि माझं मलाच नवल वाटलं, माझ्या डोळ्यांपुढे लिफ्ट नव्हती, फ्लॅट नव्हता. बोल हो, बाय, असं मी मनातल्या मनात घोकत होते. एक अक्षर तर बोलायचं होतं.

सगुणाने शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. जन्मभर शेती केलेली बाई. खोटं ती माणसांशी बोलली असती कदाचित, शेताशी नाही.

"नाय," ती म्हणाली. "याला पीक नाय बोलत, भावजी. टाका फीत."

हितेशचा गडी फितीचं टोक धरून निघाला आणि दुसऱ्याच पावलाला एक रोप त्याच्या बुटाखाली गेलं. सगुणा धावली. तिने त्याच्या हातातून टोक ओढून घेतलं.

"बाय, राहू दे ना गं आता," मी म्हटलं.

"फुलं आल्यात त्यांना," ती म्हणाली.

लुगडं एका हाताने वर धरून, दोन रोपांच्या मधून पाय टाकत ती शेताच्या पार त्या टोकाला गेली. तिथल्या दगडावर तिने फीत टेकवली, ताणून धरली आणि ओरडून हितेशला विचारलं, बरोबर आली का. हितेशने बरोबर आहे म्हटलं आणि आकडा लिहून घेतला.