भोपळ्याच्या पोटातला आशीर्वाद

हॉस्पिटलच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाला दुखणं होतं, कुणाला नव्हतं, पण छातीचा फोटो प्रत्येकालाच हवा होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एकेक छाती झळकत होती आणि प्रत्येकीत, उजव्या बाजूला, एक पांढराशुभ्र हात दिसत होता.

"आशीर्वाद," सफारीवाले हळूच म्हणायचे आणि सगळा हॉल मान तुकवायचा.

सफारीवाले म्हणजे डिजिटल एक्स-रे यंत्रं विकणारे गृहस्थ. बारा महिने सफारी सूट, म्हणून हे नाव. यंत्र त्यांनी आठवडाभर वापरून बघायला स्वतःच्या हाताने बसवून दिलं होतं. "हाडं काय, बाजारातलं कुठलंही यंत्र दाखवतं," ते सांगायचे. "आमचं सूक्ष्मात शिरतं. मन जितकं शुद्ध तितका हात ठळक. यातले पिक्सेल सात्त्विक आहेत." सात्त्विक पिक्सेल म्हणजे काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. दुसऱ्या दोन हॉस्पिटलांचे मालक यंत्र बघून खूश होऊन गेले होते. इथले मोठे साहेब तर खरेदीच्या करारावर सही करायला पेन उघडूनच बसले होते. त्यांच्या छातीतला हात सगळ्यांत ठळक निघाला होता.

एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंना शंका आली ती तिथेच. मोठ्या साहेबांचं मन शुद्ध, हे जरा अतीच झालं.

एरवी त्या हसून गप्प बसल्या असत्या. पण आईच्या माघारी त्यांना लहानाची मोठी केलेली आत्या तापाने फणफणून वॉर्डात पडली होती. उजव्या फुफ्फुसात काहीतरी बिघडलंय हे स्टेथोस्कोप लावल्यावर कानाला कळत होतं, आणि फोटोत नेमका तिथेच तो हात आडवा येत होता. खाली न्यूमोनिया आहे की आणखी काही, दिसायला मार्ग नव्हता.

"आत्या, मागच्या खोलीत जुनी मशीन आहे. तिच्यावर एक फोटो काढू."

"कशाला गं? देवाने स्वतः हात ठेवलाय. त्याची परीक्षा घेऊ?"

"निदान गोळ्या तरी घे."

"हात असताना गोळ्या कशाला? चार बुकं शिकलीस म्हणून सगळं तुलाच कळतं असं नाही, चिमे." आत्याने गोळ्या उशीखाली सारल्या आणि खोकत खोकत भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरीणबाई घाबरल्या. मग चिडल्या, आणि सगळे फोटो शेजारीशेजारी लावून बसल्या. जाड्याच्या छातीत हात जिथे, काटकुळ्याच्याही तिथेच. करंगळी प्रत्येक हाताची वाकडी. त्या उठल्या आणि थेट कँटीनमध्ये गेल्या.

"भोपळा देते, पण परत आणा," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. "संध्याकाळची भाजी आहे."

आत्याला व्हीलचेअरवर बसवून डॉक्टरीणबाईंनी हॉलमध्ये आणलं, एक्स-रेच्या खोलीत जाऊन छाती टेकवायच्या फळीसमोर स्टूल ठेवलं, त्यावर भोपळा.

"मॅडम, हा श्रद्धेचा अपमान आहे," दारातून सफारीवाले म्हणाले.

"अपमान कसला? याचंही मन बघू या."

बटण दाबलं. पडद्यावर भोपळा आला. पोटात बिया, आणि मधोमध आशीर्वाद. करंगळी वाकडी.

"म्हणजे भोपळा आणि मोठे साहेब एकाच पंगतीत," मागून एक आजोबा म्हणाले. हॉल खदखदून हसला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

सफारीवाले सावरून घेत म्हणाले, "वनस्पतीतही जीव असतो. भोपळा तर मुळातच निष्पाप."

डॉक्टरीणबाईंनी भोपळा उचलला, स्टूलही हलवलं, आणि रिकाम्या जागेचा फोटो काढला. हात होताच. "आता कोण निष्पाप? भिंत?"

त्यांनी स्क्रू काढून फळीचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला शिशाच्या पातळ पत्र्याचा कापलेला हात चिकटवलेला होता. "किरण हाडात अडतात म्हणून हाड पांढरं दिसतं," त्या म्हणाल्या. "शिशात तर पारच अडतात. तुमच्या छातीत काही नव्हतं. जे होतं ते इथे होतं. ठळक-फिकट तर पडद्याचं बटण फिरवूनही करता येतं."

तो हात सोडवून त्यांनी बाहेर आत्याच्या मांडीवर ठेवला. आत्याने उलटसुलट करून पाहिला.

"कापताना कात्री घसरली वाटतं मेल्याची," ती म्हणाली. "चल, कुठंय तुझी जुनी मशीन?"

न्यूमोनियाच निघाला, अगदी हात होता त्याच जागी. आत्याने तिथल्या तिथे गोळी गिळली आणि डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. मग खोकणाऱ्या बाकीच्यांचेही फोटो पुन्हा काढले. आणखी तिघांच्या फुफ्फुसात आशीर्वादाखाली दुखणं दडलेलं सापडलं. त्यातले दोघं औषध थांबवून बसले होते.

सफारीवाल्यांना मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बसवून ठेवलं आणि पोलिसांना फोन लावला.

"यंत्राचा दोष नाही," डॉक्टरीणबाई लोकांना म्हणाल्या. "चांगलं यंत्र आहे, ते समोर असेल तेच दाखवतं. पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच करा. माणसाला तिथून बाजूला करा आणि बघा, चमत्कार तरीही उरतोय का. उरला, तर झाकण उघडा. आणि तोवर कृपा करून औषध बंद करू नका."